आधी पाणी मोजा: मत्स्यविस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी

साकोली, लाखांदूर आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील १४ गावकार्यकर्त्यांना, म्हणजे पुढे गावात मासोळीबाबत सल्ला देणाऱ्यांना, गोड्या पाण्यातील मत्स्यपालन शिकवण्याचे काम मी मे ते डिसेंबर या काळात केले. भंडारा आणि गोंदिया हा भाग पूर्वी जमीनदारांकडे असलेल्या माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे इकडच्या बोलीत मामा तलावांचा, आणि त्याहून लहान अशा असंख्य बोड्यांचा आहे. पाणी मूळचे धानासाठी अडवलेले असून मासोळी त्यात नंतर येते, ही गोष्ट आमच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी होती. असेच प्रशिक्षण घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून वहीतील नोंदी थोड्या सावरून येथे देत आहे. गावांची आणि माणसांची नावे दिलेली नाहीत.

२० मे

निवडीची पहिली यादी रद्द करावी लागली. दहावी उत्तीर्ण ही अट ठेवल्याने यादीत नोकरीच्या शोधात असलेली मुलेच अधिक आली आणि त्यांतील चौघांनी मानधनाचा आकडा ऐकताच पाठ फिरवली. दुसऱ्या यादीत शिक्षणाची अट काढून "घरापासून चालत जाता येईल अशी एक तरी बोडी" ही अट घातली. त्यातून बचत गटांतील ९ महिला आणि मच्छीमार सोसायट्यांच्या सभासदांच्या घरांतील ५ तरुण मिळाले. दोन महिलांना लिहिताना अडचण येते, परंतु त्यांचा तोंडी हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे.

प्रात्यक्षिकासाठी गावालगतची एक बोडी हंगामापुरती ३,००० रुपयांना घेतली. तिच्या मधल्या खोलगट भागात अजून पाणी आहे आणि काठावर बेशरमीचे रान माजले आहे. ते उपटण्यात दोन दिवस गेले.

१० जून

ग्रामपंचायतीच्या सभागृहात तीन दिवसांचा पहिला वर्ग झाला. पडद्यावर चित्रे दाखवून कटला, रोहू, मृगळ यांची ओळख, मत्स्यजिरे (नुकतीच जन्मलेली, जिऱ्याएवढी पिले), मत्स्यबीज (इंचभर वाढलेली) आणि बोटुकली (बोटाएवढी) या अवस्था, तळ्याची तयारी, खत, खाद्य असा सगळा अभ्यासक्रम मी पार पाडला. वीज दोनदा गेली, तरी वर्ग चांगला झाला असे मला वाटले होते. तिसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा घेतली, तेव्हा संगोपन तळ्यासाठी हेक्टरी २०० ते २५० किलो चुना, हे उत्तर बहुतेकांनी न अडखळता दिले.

मग मी सहज विचारले की, तुमच्या घराजवळच्या बोडीत किती चुना टाकाल. चौदांपैकी तिघांनी बरोबर उत्तर दिले. एकीने ५ पोती सांगितले, एकाने अर्धे पोते सांगितले, आणि बाकीच्यांनी बोडी किती मोठी आहे हे तलाठ्याला विचारून सांगतो असे उत्तर दिले. तीन दिवसांत मी त्यांना हेक्टरचे आकडे पाठ करून दिले होते, पण हेक्टर म्हणजे डोळ्यांसमोर किती पाणी, हे एकदाही दाखवले नव्हते. त्या रात्री पुढच्या दोन महिन्यांचे वेळापत्रक खोडून पुन्हा लिहिले.

१३ जून

आज वर्ग बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घेतला. ५० मीटर सुती दोरीला दर मीटरवर गाठ आणि दर पाच मीटरवर लाल चिंधी बांधली. बोडीची लांबी तीन ठिकाणी आणि रुंदी तीन ठिकाणी मोजून, दोन्हींच्या सरासरीचा गुणाकार करून आणि १०० ने भागून आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर) काढायचे, एवढाच धडा होता. खोलीसाठी बांबूवर खिळ्याने दर १० सेंटिमीटरला खूण केली आणि पाच ठिकाणी बुडवून सरासरी घेतली.

हेक्टर हा शब्द आम्ही कायमचा सोडून दिला. सगळी प्रमाणे प्रति आर लिहून कार्ड केले: चुना दोन ते अडीच किलो, शेंगदाणा पेंड साडेसात किलो, शेण दोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट अर्धा किलो, मत्स्यजिरे ४०,०००. घरोघरी तराजू नसतो म्हणून घमेले वजनात बसवले. आमच्या घमेल्यात चुन्याची भुकटी सपाट भरली तर ७ किलो आणि शीग लावून भरली तर ९ किलो मावते. घमेले प्रत्येकीचे वेगळे असल्यामुळे आपापल्या घमेल्याचे वजन एकदा किराणा दुकानात करून कार्डाच्या मागे लिहून ठेवावे, असे ठरले.

२४ जून

शिल्लक पाण्यात मरळ, काटवे आणि मागूर होते. हे मासे मत्स्यजिरे फस्त करतात, म्हणून जिरे सोडण्याआधी पाणी रिकामे करणे अथवा मोहाची पेंड टाकणे भाग असते. पेंडीतील सॅपोनिनमुळे माशांचा जीव जातो, तिचा विषारी परिणाम साधारण तीन आठवड्यांत ओसरतो आणि नंतर तीच पेंड खताचे काम करते.

येथे मी स्वतः चूक केली. प्रमाण एक मीटर खोल पाण्यासाठी आरी २५ किलो असे असते. पूर्ण भरलेली बोडी ४ आर, म्हणून १०० किलो पेंड मी आधीच मागवून ठेवली होती. दोरी आणि बांबू घेऊन प्रत्यक्ष मोजले तेव्हा पाणी २ आर जागेत आणि सरासरी अर्धा मीटर खोल, म्हणजे १०० घनमीटर भरले, आणि त्याला २५ किलो पेंड पुरेशी होती. क्षेत्र निम्मे आणि खोलीही निम्मी असेल तर औषध चौथाई लागते, हे मला शब्दांत समजावता आले नसते. उरलेल्या तीन पोत्यांकडे बोट दाखवले आणि सर्वांना ते लगेच कळले. पेंडीला २,८०० रुपये लागले होते, त्यांतील २,१०० रुपयांची पेंड पडून राहिली.

रात्रभर भिजवलेली पेंड सकाळी पाण्यात पसरली. दुपारपर्यंत मासे वर आले आणि गावकऱ्यांनी ते जाळ्याने काढून वाटून घेतले. मोहाच्या पेंडीने मेलेले मासे खाण्यास चालतात. कोणतेही कीटकनाशक या कामासाठी वापरू नये, हे मात्र मी तीन वेळा बजावले, कारण धानावर फवारायच्या औषधाची बाटली घेऊन एक जण खरोखरच आला होता.

१० जुलै

पावसाने बोडी भरली. चुना टाकून आठवडा झाला होता. शेंगदाणा पेंड, शेण आणि सुपर फॉस्फेट एकत्र भिजवून केलेल्या लगद्याचा अर्धा भाग जिरे सोडण्याआधी टाकायचा आणि उरलेला नंतर थोडा थोडा द्यायचा, अशी पद्धत आहे.

आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. १९५७ साली याच तारखेला हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प (कटला, रोहूच्या कुळातील) माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्याआधी बीज नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात नको ते मासेही येत. सोसायटीचे एक वृद्ध सभासद, ज्यांना सर्व जण मामा म्हणतात, त्यांनी लहानपणी वडिलांबरोबर रेल्वे स्टेशनवरून मडक्यांत आलेले बीज उतरवून घेतल्याची आठवण सांगितली. मडके सारखे हलवत राहावे लागे, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत निम्मे मेलेले असत.

१४ जुलै

प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तपासण्यासाठी जाळीतून ५० लिटर पाणी गाळले आणि नळीत चिमूटभर मीठ टाकून वीस मिनिटे ठेवले. तळाशी दीड मिलिलिटर गाळ बसला. गाळ तपकिरी असेल तर त्यात प्राणिप्लवंग अधिक, आणि जिऱ्यांना तेच हवे असते. हिरवा गाळ दिसला तर थांबावे, असे शिकवले. नळी प्रत्येकाने हातात धरून उजेडात पाहिली, आणि पाण्यात काहीतरी हलते आहे हे दिसल्यावर पहिल्यांदाच वर्गात आपसांत बोलणे सुरू झाले.

त्याच जाळीत पाठीवर पोहणारे किडेही आले. हे किडे जिऱ्याला पकडून शोषतात. त्यांना श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते, म्हणून साबण आणि तेलाचा तवंग पसरला की ते गुदमरतात. ४ आराला सव्वादोन किलो तेल आणि ७०० ग्रॅम साबण लागतो. सकाळी तवंग पसरला आणि वाऱ्याने तो अर्ध्या तासात पूर्वेच्या काठाशी लोटून नेला. किडे पश्चिमेला मजेत होते. संध्याकाळी वारा पडल्यावर पुन्हा सगळे करावे लागले. तेलाचा खर्च दुप्पट झाला.

१६ जुलै

मत्स्यजिरे दुपारी दीड वाजता आले. पहाटे यायला हवे होते. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांपैकी एक गाडीच्या पत्र्याला घासून गळाली होती आणि तिच्यातील जिरे वाचले नाहीत. उरलेल्या पिशव्या उघडण्याची घाई दोघांनी केली. त्यांना थांबवून पिशव्या सावलीच्या बाजूला वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंड सोडून थोडे थोडे बोडीचे पाणी आत घेतले, आणि जिरे आपणहून बाहेर, पाण्यात बांधलेल्या हाप्यांत (बारीक जाळीच्या कापडी पिंजऱ्यांत), जाऊ दिले. पेंडीचे विष उरलेले नाही याची खात्री आदल्या दिवशीच लहान हाप्यात १५ जिवंत पिले ठेवून केली होती. सर्व जिवंत होती.

आम्ही १,६०,००० जिरे मागवले होते आणि तेवढ्याचेच पैसे भरले होते. ते खरोखर तेवढे आहेत का, असे एका कार्यकर्तीने विचारले. मला ते मोजता येते हे ठाऊक होते, पण मी स्वतः आजवर कधी मोजले नव्हते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे ५ मिलिलिटरचे झाकण घेतले. हाप्यातील जिरे चहाच्या गाळणीत निथळून एक झाकण भरले, ते पांढऱ्या परातीत पाण्यात सोडले, आणि तिघींनी तांदूळ निवडतात तसे चमच्याने बाजूला करत मोजले. पहिल्या झाकणात २,३१०, दुसऱ्यात २,५४०, तिसऱ्यात २,४२० निघाले. बाकीचे जिरे फक्त झाकणाने मापले आणि लगेच पाण्यात सोडले. एकूण ५३ झाकणे भरली, म्हणजे सुमारे १,२८,०००. गळालेली पिशवी धरूनही हा आकडा कमीच होता. पुरवठादाराशी फोनवर वाद घातला, पण मोजणी आमच्या काठावर झालेली असल्यामुळे त्याने ती मानली नाही. पुढच्या वेळी मोजणी पिशवी भरताना तेथेच उभे राहून करायची, हे त्यातून घेतले.

२४ जुलै

चौदांपैकी पाच जण आले. धानाची रोवणी सुरू झाली आहे आणि रोवणीच्या दिवसांत प्रशिक्षणाला या असे या भागात कोणाला सांगणे म्हणजे अडाणीपणाच. वेळापत्रक मी मत्स्यजिऱ्याच्या हंगामावर बेतले आणि रोवणी विसरले, ही चूक भरून काढता आली नाही, कारण जिरे आणि रोवणी दोन्ही पावसाबरोबरच येतात. मग पाच जणांच्या दोन जोड्या आणि एक एकटा अशी वाटणी करून रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा बोडीवरचे काम ठेवले. इतर नऊ जणांनी संध्याकाळी घरी जाताना आपल्या जवळच्या बोडीचे पाणी पाहून रंग आणि खोली वहीत लिहायची. १२ दिवसांचे नियोजित वर्ग बुडाले. त्यांतील चार नंतर भरून काढता आले.

३० जुलै

चार दिवस झड लागली होती. पहाटे बोडीवर गेलेल्या मुलाचा फोन आला की सगळी पिले तोंड वर काढून काठाशी गोळा झाली आहेत. रात्री वनस्पतिप्लवंगही प्राणवायू वापरतात आणि ढगाळ दिवसांत तो पुरेसा तयार होत नाही, म्हणून पहाटे सर्वांत कमी असतो, एवढे त्यांना वर्गात सांगितले होते. आदल्या दिवशी मात्र वेळापत्रकात लिहिले होते म्हणून याच मुलाने खताचा राहिलेला लगदा टाकला होता. वेळापत्रक माझे होते आणि त्यात "ढग असतील तर टाकू नये" ही ओळ नव्हती.

शेजारच्या शेतकऱ्याचे डिझेल इंजिन आणून बोडीचे पाणी उपसून पत्र्यावर आपटवून परत बोडीत सोडले, जेणेकरून ते फुटून हवेत मिसळेल. दोघांनी पाण्यात उतरून हाताने काठाचे पाणी ढवळले. आठ वाजता ढगांतून थोडे ऊन आले आणि पिले खाली गेली. मेलेली पिले आम्ही मोजली नाहीत, कारण इतकी लहान पिले लगेच दिसेनाशी होतात. त्यानंतर कार्डावर लाल अक्षरांत लिहिले: झड असेल तर खत आणि खाद्य बंद. पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून तळहात अजिबात दिसेनासा झाला, तर ऊन असले तरी खत थांबवावे.

४ ऑगस्ट

ओढजाळ्याने मत्स्यबीज काढले. १९ दिवसांत पिले सरासरी २५ मिलिमीटरची झाली होती. वाटीने मापून ३४,००० भरली. मागवलेल्या आकड्याने पाहिले तर जगण्याचे प्रमाण २१ टक्के येते आणि मोजलेल्या आकड्याने २६ टक्के. चांगल्या संगोपनात ३० ते ४० टक्के मिळायला हवे. कमी मिळण्याची कारणे आम्हाला ठाऊक होती, आणि ती सर्व या वहीत वर लिहिलेली आहेत.

११ ऑगस्ट

या संपूर्ण कामातली सर्वांत महाग चूक आज उघडी पडली.

एका गावातील कार्यकर्त्याने सोसायटीला बोडीसाठी ८ लाख जिरे मागवण्याचा सल्ला दिला होता. सोसायटीने १२,००० रुपये भरून ते मागवले आणि जाळे ओढल्यावर हाती आले २२,००० मत्स्यबीज. सोसायटीने मला बोलावले. पाळीवर वीसेक माणसे उभी होती आणि कार्यकर्ता मान खाली घालून एका बाजूला बसला होता. मी त्याची वही मागितली. तीत बोडीचे क्षेत्र २० आर लिहिले होते, त्याला प्रति आर ४०,००० या दराने ८ लाख होतात, आणि गुणाकार अगदी बरोबर होता.

समोर बोडीत पाणी ७ आरांपेक्षा जास्त नव्हते. २० आर हे सातबाऱ्यावरचे क्षेत्र होते, त्यात पाळ आली, काठची पडीक जागा आली, आणि गेल्या कित्येक वर्षांत गाळाने भरून धानाखाली गेलेला एक कोपराही आला. जिरे तिप्पट दाटीने पडले, प्लवंग आठवडाभरात संपले आणि पिले उपाशी मेली.

मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले एक वृद्ध सभासद मला म्हणाले, "बाई, तुमी जमीन मोजून रायल्या. मासोळी काय जमिनीवर रायते का?"

मी पोराला विचारले की दोरीने का मोजले नाही. त्याने काही न बोलता माझाच छापील तक्ता काढून दाखवला. त्यात पहिला रकाना होता: "क्षेत्र (सातबाऱ्याप्रमाणे)". जूनमध्ये वर्ग पाळीवर हलवला, कार्ड बदलले, दोरी दिली, पण हा तक्ता मेमध्येच छापून घेतलेला असल्याने तसाच वाटला होता. पाळीवर सर्वांसमोर सांगितले की चूक तक्त्याची आहे आणि तक्ता मी केला आहे. सोसायटीला ४,५०० रुपये मी स्वतःच्या खिशातून दिले. सात आरांना लागणारे २,८०,००० जिरे मागवले असते तर ४,२०० रुपयांत काम झाले असते, हा हिशेब त्याच पोराने तिथल्या तिथे करून दाखवला.

५ सप्टेंबर

पोळ्यानंतर सर्व जण पुन्हा जमले. नवा तक्ता आम्ही मिळून केला. त्यात सातबारा नाही. त्यात आजचे पाणी, भरल्यावरचे पाणी आणि डिसेंबरात उरणारे पाणी असे तीन रकाने आहेत. तिसरा रकाना मामांच्या सांगण्यावरून घातला. बोटुकली तलावात सोडताना लोक ऑगस्टचे भरलेले पाणी पाहून संख्या ठरवतात, पण धान निसवायला लागले की तुडूम (तलावाचे पाणी सोडण्याचे दार) उघडले जाते आणि पाणी शेतात जाते. एका मामा तलावाचे उदाहरण घेतले: भरल्यावर १,२०० आर, आणि सभासदांच्या अंदाजाने डिसेंबरअखेर ५०० आर. आरी ५० बोटुकल्या धरल्या तर पहिल्या हिशेबाने ६०,००० आणि दुसऱ्याने २५,०००. सोसायटीने ३०,००० सोडायचे ठरवले. मला २५,००० योग्य वाटत होते. परंतु निर्णय त्यांचा आहे आणि कार्यकर्त्याने तो त्यांच्या वतीने घेऊ नये, हेही याच दिवशी शिकवायचे होते.

सल्ल्याच्या भेटीचा सरावही घेतला. एक जण शेतकरी, एक कार्यकर्ता. पहिल्या फेरीत प्रत्येक कार्यकर्त्याने शेतकऱ्याला बोलू न देता कार्डावरचे सगळे वाचून दाखवले. दुसऱ्या फेरीत कार्ड काढून घेतले आणि फक्त दोरी हातात दिली. दोरीचे एक टोक शेतकऱ्याला धरायला द्यावे लागते, त्यामुळे तो आपोआप बोलू लागतो: येथे पाणी लवकर आटते, येथे म्हशी बसतात, तो कोपरा भावाचा आहे. हा परिणाम आम्ही ठरवून केला नव्हता.

त्याच दिवशी दोरीही तपासली. सुती दोरी वारंवार भिजून आखडली होती. ५० मीटरची दोरी ४८ मीटर भरली, म्हणजे जुलैपासून आमचे प्रत्येक क्षेत्र सुमारे ८ टक्क्यांनी जास्त येत होते. सर्वांच्या दोऱ्या बदलून प्लास्टिकच्या दिल्या. दर महिन्याला एकदा त्या शाळेच्या मैदानावर टेपने पडताळायच्या.

२० ऑक्टोबर

एका कार्यकर्तीच्या १० आर बोडीत ६०० बोटुकल्या होत्या. खाद्य ठरवण्यासाठी २० मासे पकडून वजन केले. तिच्या नोंदीत सरासरी ११० ग्रॅम आली, आणि माशांकडे पाहता ते मला पटेना. तिने ओल्या जाळ्यासकट वजन केले होते. जाळे वजा केल्यावर सरासरी ८० ग्रॅम निघाली. शिवाय ६०० च्या ६०० जिवंत आहेत असे धरून खाद्य काढले होते. ८० टक्के धरले तर ४८० मासे, साधारण ३८ किलो वजन, आणि ३ टक्क्यांनी रोज १ किलो १५० ग्रॅम खाद्य होते. ती रोज दोन किलो घालत होती. न खाल्लेल्या कोंड्याने काठाला वास सुटला होता.

कोंडा आणि भिजवलेली शेंगदाणा पेंड समसमान घेऊन, तळाशी भोके पाडलेल्या रिकाम्या पोत्यात भरून बांबूला टांगायला सांगितले. दोन तासांनी पोते उचलून पाहायचे. उरले असेल तर उद्या तेवढे कमी. तराजू नसलेल्यांना ही पद्धत सर्वांत लवकर जमली.

१२ डिसेंबर

शेवटची परीक्षा कोणीही न पाहिलेल्या एका बोडीवर घेतली. प्रत्येकाने एकट्याने क्षेत्र, खोली, चुन्याची घमेली आणि बोटुकल्यांची संख्या काढायची. आधी मी टेपने मोजून ठेवले होते. ११ जणांचे उत्तर १० टक्क्यांच्या आत आले. दोघांनी रुंदी एकाच ठिकाणी मोजली. एक जण आला नाही, त्याला नागपूरला काम मिळाले आहे. लिहिण्यास अडचण असलेल्या दोघींपैकी एकीचे उत्तर सर्वांत जवळचे होते. तिने आकडे दोरीच्या गाठींवर चिंध्या बांधून लक्षात ठेवले.

खर्च: बोडीचे भाडे ३,०००, चुना १२०, मोहाची पेंड २,८००, शेंगदाणा पेंड १,५००, जिरे आणि वाहतूक ४,६००, चार हापे ४,४००, प्लवंग जाळ्या १,८००, मानधन आणि प्रवास ४१,०००, चहा व जेवण १६,५००, तेल, साबण, दोऱ्या, डिझेल आणि किरकोळ ३,२८०. एकूण ७९,००० रुपये, आणि सोसायटीला दिलेले ४,५०० वेगळे. पहिल्या तीन दिवसांच्या वर्गावर यातला जवळपास सहावा हिस्सा गेला. पुढच्या तुकडीत तो वर्ग नसेल.

पुढची तुकडी मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करायची आहे, कारण तेव्हा बहुतेक बोड्या कोरड्या असतात, तळ उघडा दिसतो आणि पाण्यात न उतरता मोजता येते. रोवणीच्या तीन आठवड्यांत एकही वर्ग ठेवलेला नाही. मोहाच्या पेंडीची तीन पोती अजून माझ्या घराच्या पडवीत आहेत. ती आधी वापरायची.